लिमये, शिरीन विजय

भारताच्या राष्ट्रीय महिला बास्केटबॉल संघातील पुण्याची खेळाडू (पाहा : बास्केटबॉल).

पुण्यात घडलेल्या शिरीनची वाटचाल वरिष्ठ पातळीवर भारतीय रेल्वेच्या संघापर्यंत गेली. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवणाऱ्या भारतीय संघात ती होती. दोन गुणांच्या, म्हणजे एका बास्केटच्या, या फरकाने भारत ‘अ’ गटात गेला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतही ती खेळली.

मुलींच्या बास्केटबॉलला बळ देते ती खेळाडूची नोकरी, हे या कारकिर्दीवरून दिसते. चांगल्या खेळाडूंना नोकरी देऊन रेल्वे राज्यांचे संघ पोकळ करते, हा आक्षेप खरा आहे. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचेच वर्चस्व असते. परंतु व्यावसायिक महिला लीग रुजलेली नसताना पगाराविना किती जणी विशीनंतर मैदानावर टिकतील? मुंबई उपनगरातील बोरिवली-मुलुंडच्या मुलीही जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची शिडी चढतात (पाहा : शालेय क्रीडास्पर्धा), त्यापुढची पायरी बहुधा नोकरीचीच असते.