तळटीप : पहिल्या पदकानंतर

१. याएल अराद (जन्म १९६७) : इस्रायलची ज्युदोपटू. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ३० जुलै १९९२ रोजी ६१ किलो गटात तिने रौप्यपदक जिंकले. इस्रायलचे हे पहिले ऑलिंपिक पदक. मूळ मजकुरात त्याचे सारे श्रेय तिच्या जिद्दीला दिले आहे. ते अपुरे वाटते. जिद्दीने पदक मिळते, परंपरा मात्र व्यवस्थेनेच उभी राहते. भारतात गोळेश्वरच्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांची जिद्दही उणी नव्हती. त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, तेव्हा ते १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला पोचले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन परतले. पण कुस्तीतले पुढचे भारतीय ऑलिंपिक पदक यायला २००८ उजाडले.

छोट्या, संपन्न देशाशी ही तुलना अन्याय्य आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु त्याच देशाला हेलसिंकीतील पदार्पणापासून पहिल्या पदकासाठी ४० वर्षे थांबावे लागले. अरादच्या पदकानंतर दुसऱ्याच दिवशी ओरेन स्माजाने ज्युदोतच कांस्य मिळवले, आणि पुढे तोच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. अरादही २०२१ मध्ये देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. फरक पडला तो इथे.