भूल न देता

चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे एक लहान स्थानक. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. पण दाढ ठणकायला लागली की इथला माणूस परभणीची वाट धरत नाही. नांदेड जवळ पडते म्हणून तिकडची गाडी पाहतो. या भागातल्या दंतोपचारांचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा हाताशी कागद फार थोडे लागले. दाताने माणूस मरत नाही, असा सार्वत्रिक समज. त्यामुळे पटकी-प्लेगच्या जशा नोंदी झाल्या तशा दाढदुखीच्या झाल्या नाहीत. जे सापडले त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र कायद्याच्या एका परंतुकात मिळाली. तिच्याकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या आजीच्या पिढीत दातांचे तीनच उपाय होते : लवंग, तंबाखूची चिमूट आणि बाजारातला वैदू. वैदू रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी दाढेला देई आणि नंतर भांड्यातल्या पाण्यात पांढऱ्या ‘किडी’ काढून दाखवी. त्या किडी नसत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण दात किडीमुळे झिजतो ही कल्पना वैदूची एकट्याची नव्हे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ आहेच, आणि युरोपातही हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून होता. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात त्याबद्दल शंका घेतली. मराठीत आपण अजूनही दात ‘किडला’च म्हणतो. धुरीने भागले नाही की चिमटा निघे. आजीच्या तोंडात पन्नाशीतच मोजके दात उरले होते, आणि त्याचे तिला वैषम्य नव्हते. सगळ्याच बायकांचे तसे होते.

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो हिशेब मांडला, त्यात दंतवैद्यांची संख्या सुमारे एक हजार होती. म्हणजे तीन लाख माणसांमागे एक. त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. त्यानंतर दोन वर्षांनी, २९ मार्च १९४८ ला, दंतवैद्यक कायदा आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता; तो मुक्त झाला १७ सप्टेंबरला, आणि कायदा इकडे पोहोचला तो नंतर. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात पदवीधर. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. शहरात पाटी लावून बसलेल्यांना ‘ब’ भागाचा आधार मिळाला. गावोगाव फिरणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या वैदूने आपली पाच वर्षे कोणत्या कागदावर दाखवायची होती?

आता ते परंतुक. कलम ४९ प्रमाणे नोंदणी नसलेल्याला दंतवैद्यक करता येत नाही. याला जे अपवाद दिले आहेत त्यातला एक असा : प्रसंग तातडीचा असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल तर कोणीही दात काढू शकतो, मात्र कोणतीही भूल न देता. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. हेतू चांगलाच आहे, अडाण्याच्या हातात भुलीची सुई जाऊ नये. पण दंतवैद्य उपलब्ध नसणे ही चुडाव्यासारख्या गावात आणीबाणी नव्हती, रोजची स्थिती होती. म्हणजे कायद्याने खेड्याला उपचार दिला तो हा : दात उपटा, आणि शुद्धीवर राहून उपटा. कायदा करणाऱ्यांना हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. दुसरे काही देण्याची ऐपत नव्हती, इतकेच.

पुढे महाविद्यालये निघाली. कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिले काढले होते. मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ चे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आले १९६८ मध्ये आणि औरंगाबादला १९८२ मध्ये. पुढे विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले. नांदेड, लातूर, परभणी सगळीकडे. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बेकार दंतवैद्य हा नवा प्रश्न आहे. तरी खेड्यातली दाढ बहुतेकदा काढलीच जाते, भरली जात नाही.

याचे कारण मला दवाखान्यांच्या संख्येत सापडत नाही, फेऱ्यांच्या संख्येत सापडते. दात काढायला एक फेरी लागते. मुळाचा उपचार करून वर टोपी बसवायची तर तीन-चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला गाडीभाडे, एक बुडालेला रोज, आणि बाई असेल तर सोबतीला आलेल्या माणसाचाही रोज. कापूस वेचणीच्या दिवसांत तर दुसऱ्या फेरीची तारीखच कोणी पाळत नाही. डॉक्टर तिला ‘पेशंट परत आला नाही’ म्हणतात. पेशंटने आपला हिशेब बरोबर केलेला असतो.

शासकीय योजनांनीही हा हिशेब बदलला नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते, परभणी नव्हते. चुडाव्याच्या माणसाला नांदेडची गाडी मिळत होती, पण योजनेसाठी त्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. आणि ती मिळाल्यावरही तिचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या मोठ्या उपचारांवर. दुखरी दाढ भरून घेणे त्यात बसत नाही, कवळीही बसत नाही. बसतो तो तोंडाचा कर्करोग. दाढदुखीवर म्हणून गालात धरलेली तंबाखू वीस-पंचवीस वर्षांनी जबड्यापर्यंत पोहोचली की शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोणता निरीक्षक अडवणार?

१९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. त्यात परीक्षा, नोंदवह्या, मंडळे यांची तपशीलवार व्यवस्था आहे. फेऱ्या कशा कमी होतील, याचा विचार दंतवैद्यकाच्या कायद्याने करायचा असतो असे अजून कोणाला वाटलेले दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात चुडाव्याच्या फलाटावर एक म्हातारे गृहस्थ गालाला उपरणे बांधून बसले होते. कुठे निघालात, मी विचारले. “नांदेडला. उपटून येतो,” ते म्हणाले, “संध्याकाळी पाळी द्यायचीय रानात.”