मुलाखतीला कुणी येत नाही तेव्हा... तुरुंगातल्या महिला कशाच्या आधारावर दिवस काढतात?

धुळ्याच्या तुरुंगाची एक गोष्ट खान्देशात अनेकांना माहीत असते. 1932 मध्ये विनोबा भावे तिथे कैदेत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक, अशी 18 प्रवचनं त्यांनी गीतेवर दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक आलं.

आता पुस्तक जरा बाजूला ठेवा. बोलायला माणसं, वाट बघायला रविवार आणि हाताला काम. मानसशास्त्रात ज्याला सामाजिक आधार आणि जगण्याचं प्रयोजन म्हणतात, ते हेच. पण ते राजकीय कैदी होते, बाहेर त्यांना मान होता. चोरीच्या किंवा खुनाच्या आरोपाखाली आत गेलेल्या बाईचं काय?

आधार तुटतो कुठे?

एनसीआरबीच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी महिला 23,772 होत्या, म्हणजे साधारण 4 टक्के. संख्या कमी, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे तुरुंगही कमी. मोठी शिक्षा लागली की घरापासून लांब जावं लागू शकतं. जळगावच्या एखाद्या आईला येरवड्याच्या महिला कारागृहात ठेवलं, तर मुलाखतीसाठी (तुरुंगातली भेट म्हणजे मुलाखत) घरच्यांना 400 किलोमीटरच्या आसपास प्रवास. एक दिवसाची मजुरी बुडते, भाडं जातं ते वेगळंच.

आणि पैसे असले तरी येईलच कोण? नवरा आत गेला की बायको डबा, वकील, तारखा सगळं बघते. बायको आत गेली की अनेकदा सासर तोंड फिरवतं, माहेरचे 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसतात. आरोप नवऱ्याच्या खुनाचा असेल तर दोन्ही दारं बंद. मुलं 6 वर्षांची होईपर्यंत आईसोबत तुरुंगात राहू शकतात, पुढे त्यांना बाहेर पाठवावं लागतं.

मग आत कोण असतं?

इतर बायकाच. वकील सुधा भारद्वाज येरवडा आणि भायखळा, दोन्ही तुरुंगांत होत्या. येरवड्यात पाहिलेल्या 76 महिलांबद्दल त्यांनी 'फ्रॉम फाँसी यार्ड' हे पुस्तक लिहिलं, ते 2023 मध्ये आलं. भायखळ्यात त्या इतर महिलांना कायदेशीर अर्ज लिहून द्यायच्या. लिहून घेणारीला आधार, लिहिणारीला काम.

या नात्याची किंमतही मोजावी लागते. जून 2017 मध्ये भायखळ्यात मंजुळा शेट्ये यांचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. एका सहकैदी महिलेच्या तक्रारीवरून तुरुंगाच्या 6 कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. मात्र या मृत्यूचा निषेध करणाऱ्या कैदी महिलांवरही दंगलीचा गुन्हा लागला.

कामाने फरक पडतो का?

पडतो, पण ते सगळ्यांना मिळत नाही. पक्क्या कैद्यांना काम आणि मजुरी असते. 2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू झाली, 50 हजारांपर्यंत, 7 टक्के व्याजाने. हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीची फी किंवा घराचं छप्पर आपल्या पैशातून होतंय, ही गोष्ट आत बसलेल्या बाईसाठी केवढी मोठी असेल!

पण 2022 मध्ये देशातले जवळपास 76 टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा खटलाच अजून संपलेला नव्हता. कच्च्या कैद्यांना काम सक्तीचं नाही आणि बहुतेकांच्या वाट्याला ते येतही नाही. कँटीनमधून साबण घ्यायचा तरी घरून मनीऑर्डर यावी लागते. ज्या बाईला घराने टाकलंय, तिचा दिवस रिकामा आणि खातंही रिकामं. खरी अडचण इथे आहे, आणि योजनांच्या बातम्यांत ती दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?

महिला कैद्यांना शक्यतो घराजवळ ठेवा, असं संयुक्त राष्ट्रांचे 2010 चे बँकॉक नियम सांगतात. आपल्याकडे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर बीएनएसएसच्या कलम 479 नुसार जामिनाचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही.

ओळखीतली कुणी आत असेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. हेल्पलाइनचा नंबर 15100.