बार आणि नेम

बंदुकीमुळे मराठी भाषेत जे वाक्प्रचार रुळले त्यांची कोणी यादी केली, तर तिच्यात आवाजालाच मानाची जागा मिळालेली दिसेल. लग्नाचा बार आपण उडवतो, ज्याच्या धमकीत दम नाही त्याचा बार फुसका ठरवतो, आणि अंगावर काही येऊ नये म्हणून बंदूक शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. ‘नेम’ हा शब्द मात्र बंदुकीने आणलेला नाही. तो तिने व्रतवैकल्यांकडून उसना घेतला. एकादशीचा नेम, तुळशीला पाणी घालण्याचा नेम आणि तीनशे मीटरांवरच्या काळ्या वर्तुळावर धरलेला नेम ही तिन्ही एकाच शब्दाने सांगणाऱ्या भाषेला काही तरी ठाऊक असले पाहिजे, हे मला फार उशिरा, पोटावर पालथे पडून खांद्याला रायफल लावली तेव्हा उमगले. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या भूमीत गेली तीनशे वर्षे आणि त्याहून अधिक काळ बंदूक नांदत आली आहे. परंतु त्यांतील बहुतेक काळ ती बार काढण्यासाठीच होती, आणि कोणाला मारावयाचे नसताना, कोणाला भिववावयाचेही नसताना, केवळ दूरच्या खुणेवर गोळी लावून पाहण्याची चाल इकडे अगदी अलीकडची आहे.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबात गुरू गोविंदसिंगांची म्हणून जी शस्त्रे जतन केली आहेत, त्यांत सोन्याची कट्यार, पाच सुवर्णतलवारी, रत्नजडित पोलादी ढाल, दोन धनुष्ये आणि पस्तीस बाणांचा भाता यांच्या पंक्तीला एक तोडेदार बंदूकही आहे. दिवाळीच्या आधी गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्ताला स्नान घालतात आणि त्या वेळी ही शस्त्रे उजळली जातात. आमच्याकडील खंडेनवमीला शेतकरी आपल्या कोयत्या-विळ्यांना हळदकुंकू वाहतो त्याच जातीचा हा भाव. तथापि, १७०८ साली याच गोदाकाठी गुरूंनी बंदा बहादुराला पंजाबकडे रवाना केले, तेव्हा अधिकाराची खूण म्हणून त्याच्या हाती आपल्या भात्यातील पाच बाण दिले, बंदूक दिली नाही, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. बंदूक त्या काळी दुर्मीळ नव्हती; परंतु नेमाचे प्रतीक होण्याची योग्यता तिच्या अंगी अजून आलेली नव्हती.

ती न येण्याची कारणे तिच्या रचनेतच होती. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी आणि चिंधी गजाने ठासावयाची, कानावर रंजक पेरावयाची, आणि मग जळता तोडा चापाने त्या रंजकावर टेकवावयाचा. एवढा सोपस्कार झाल्यावरही रंजक पेटणे आणि आतली दारू पेटणे यांच्यामध्ये जो क्षण जाई, त्या क्षणात तोंडापुढे भडकलेल्या ज्वाळेकडे न पाहता नळी स्थिर ठेवणे, हे पाहिजे तर तपस्व्याचे काम म्हणा. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळी तिच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे, आणि शंभर पावलांपलीकडे तिचा काही नेम नसे. पाऊस आला की तोडा विझला आणि शिपाई निव्वळ लाठीवाला झाला.

अशा हत्याराने काही नेमके साधावयाचे, तर जागाच नेमकी करून ठेवली पाहिजे, आणि औसा, उदगीर, कंधार येथील भुईकोट किल्ले बांधणाऱ्यांनी तेच केले. खंदकाच्या आतल्या तटांत आणि बुरुजांत ज्या जंग्या कोरलेल्या असतात त्यांपैकी एखादीला डोळा लावून बसावे: ती रुंद आकाशाकडे पाहत नाही, खाली उतरत जाऊन खंदकाच्या काठावरचा किंवा दरवाजापुढच्या वळणावरचा एक ठरावीक तुकडाच काय तो डोळ्यांपुढे ठेवते. अंतर गवंड्याने ठरवले, दिशा गवंड्याने ठरवली. बरकंदाजाने फक्त तोडा फुंकत बसावयाचे आणि त्या तुकड्यात कोणी पाय टाकला की चाप ओढावयाचा. या प्रांतातील पहिला नेमबाज कोण, असे कोणी मला विचारले, तर मी त्या अनाम पाथरवटाकडे बोट दाखवीन.

उदगीरचे नाव इतिहासात गाजले ते १७६० च्या फेब्रुवारीतील लढाईने. सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर-औशाच्या टापूत कोंडून जे नमवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा आणि कवायती पलटणींचा वाटा मोठा होता, आणि गंमत अशी की हाच इब्राहिमखान थोड्याच काळापूर्वी निजामाच्या पदरी होता. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादेसारखे किल्ले पेशव्यांना मिळाले, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत हेच भाऊ आणि हाच गारदी पानिपतावर जाऊन संपले. परंतु माझ्या विषयापुरते पाहिले, तर गारद्यांच्या चकमकी बंदुकीनेही नेमाची बाजू पुढे नेली नाही. फ्रेंच पद्धतीची ती शिस्त रांगेची होती: एका हुकुमाबरोबर शेकडो नळ्या समोर आडव्या व्हाव्यात आणि एकच बार निघावा. समोरची फौज ही एक भिंत, आणि भिंतीवर नेम धरावा लागत नाही. जंगीमागचा एकटा तोडेदार आणि मैदानातला गारदी यांच्यात अधिक आधुनिक गारदी खरा. तथापि अधिक नेमका कोण, याचे उत्तर मी बेधडक तोडेदाराच्या बाजूने देईन.

पुढे १८१९ च्या जानेवारीत नांदेडच्या उत्तरेकडील नोव्ह्याच्या गढीत बंडखोर नौसाजी नाईकाच्या अरबांनी इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील निजामी फौजेशी झुंज दिली, तेव्हाही भिंतीआडून एकेक माणूस टिपणाऱ्या लांब नळीच्या बंदुका एका बाजूला आणि कवायतीचे बार दुसऱ्या बाजूला, असाच सामना होता. निकाल अर्थात तोफांनी आणि सुरुंगांनी लावला. नंतर कित्येक वर्षे अरब आणि रोहिले हे मराठवाड्यातील कसब्या-कसब्यांतून सावकारी करीत, पहारे देत, कमरेला जंबिया आणि खांद्याला बंदूक लावून वावरत राहिले. निजामाचा दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने १८६५ ची जिल्हाबंदी करून तालुकदारांची आणि दफ्तरांची घडी बसवली, तेव्हा कुठे या हत्यारबंद मंडळींचा जोर ओसरू लागला.

नेमाचा खरा प्रश्न जगात सोडवला तो नळीच्या आत कोरलेल्या पिळाने. पिळातून निघालेली गोळी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरते आणि फिरते म्हणूनच वाट सोडत नाही. १८५३ च्या एन्फिल्डमध्ये असा पीळ होता, आणि तिच्याच काडतुसावरून १८५७ चा भडका उडाला हे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्यानंतर काय झाले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. बंड मोडल्यावर हिंदी शिपायांच्या हाती, बाहेरून तशीच दिसणारी परंतु आतून पीळ काढून टाकलेली, गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली. बार तेवढाच, नेम काढून घेतलेला. सत्तेला कशाची भीती वाटते हे याहून स्पष्ट कोणत्या फर्मानाने सांगितले असते?

आणि त्याच सुमारास, १८६० च्या २ जुलैला, लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन केले. चारशे यार्डांवरचे लक्ष्य, घोडीवर पक्की बसवलेली व्हिटवर्थची रायफल, चापाला बांधलेली रेशमी दोरी. राणीने ती ओढली आणि गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. राणीने नेम धरलाच नव्हता, तो व्हिटवर्थसाहेबांनी अगोदर धरून ठेवला होता, हे त्या दिवशी कोणी बोलून दाखवले नसावे. परंतु साध्या कारकुना-दुकानदारांनी क्लब काढावेत, सुटीच्या दिवशी माळावर जावे, दूरच्या खुणेवर मोजून दहा गोळ्या झाडाव्यात आणि चहा पिऊन घरी यावे, ही रीत रूढ झाली ती तेथून. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने खालसा मुलखात परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले, आणि निजामी मुलखातही शिकारखाना हा अमीर-उमरावांचा आणि जहागीरदारांचा. छावणी म्हटली की चांदमारी आलीच, म्हणून हिंगोलीच्या छावणीत शिपाई चांदावर गोळ्या लावीत असतील. रयतेने मात्र दुरून आवाज तेवढा ऐकावा. चांदमारी हा शब्द किती सुंदर आहे! पाटीवरचा गोल ठिपका म्हणजे चांद, आणि तो मारावयाचा. तो रयतेच्या बोलीत शिरला खरा, पण मैदानाचे नाव म्हणून. स्वतःच्या छंदाचे नाव म्हणून नव्हे.

गावातील परवान्याची बंदूक, ती ठासणीची असो वा काडतुसी, पाटलाच्या किंवा देशमुखाच्या वाड्यात खुंटीला टांगलेली असे. तिचे काम पिकातील रानडुकरे हुसकणे, दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी हवेत बार काढणे, आणि उरलेले वर्षभर खुंटीवर दिसत राहणे. जेवढा बार मोठा तेवढा वाडा मोठा. १९४७-४८ मध्ये या आवाजाचा अर्थच पालटला. निजामाच्या बाजूने हत्यार उचलणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा गृहस्थ. दुसऱ्या बाजूस ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. १७ सप्टेंबरला निजामाचे संस्थान शरण आले. ज्या पिढीने ते वर्ष काढले, तिला बाराची हौस उरली नाही, आणि ज्या गोष्टीची हौस नाही तिचा खेळ सहसा होत नाही.

तरी तो झाला, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात होता. बडोद्यात जन्मलेले, मूळ रत्नागिरीकडचे आणि अहमदाबादेत वकिली केलेले दादासाहेब मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. सभागृहाला नियमांत बसवणाऱ्या माणसाने नेमबाजांना संघटनेत बसवावे यात ‘नेम’ या शब्दाचा दुहेरी अर्थच जणू मूर्त झाला. राष्ट्रीय अजिंक्यपदाकडे जाणारी पायरी असलेली स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. मराठवाड्यातील सामान्य घरच्या मुलामुलींना मात्र लक्ष्याचे पहिले दर्शन झाले ते १९४८ च्या कायद्याने आलेल्या एन.सी.सी.मुळे: पॉइंट टू-टूची हलकी रायफल, पाच गोळ्या, आणि ‘ग्रुपिंग’ किती लहान आले याची उस्तादाने पेन्सिलीने केलेली मोजणी. केंद्रात लागले नाही तरी चालेल, पण पाचही गोळ्या एकमेकींजवळ लागू द्या, ही शिकवण मला एखाद्या कीर्तनात शोभण्यासारखी वाटते. सैन्याच्या मापाची रायफल नागरिकाला वर्ज्य, म्हणून ‘थ्री नॉट थ्री’ ऐवजी ईशापूरची पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. तरीही कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, जी २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झाली, आणि राधानगरीकडचा स्वप्निल कुसळे, ज्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले. नांदेड-लातूरकडे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलिसांचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण चालते. दूर पल्ल्याची रायफल आमच्याकडे अजूनही बहुतांशी गणवेशातच आहे.

म्हणून एका छोट्या क्लबाच्या तीनशे मीटरच्या स्पर्धेत भाग घ्यावयास मला मराठवाड्याबाहेर जावे लागले. फेब्रुवारी सरत आलेला, माळ तापू लागलेला. बरोबर लातूरकडचे एक निवृत्त पोलीस जमादार होते, आणि माझ्या पहिल्या गोळीनंतर त्यांनी जे सांगितले तेवढ्यावर हा सारा प्रबंध उभा आहे: “सर, बाराकडं ध्यान देऊ नका. माशीकडं बघा.” माशी म्हणजे नळीच्या तोंडाशी उभी असलेली नेमाची खूण. तीनशे मीटरांच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ दहा सेंटिमीटरांचे, आणि ताशी पंधरा किलोमीटरांचा आडवा वारा गोळीला जवळजवळ वीतभर ढकलतो, म्हणजे दहाचे सात होतात. तो वारा ओळखावयाचा मृगजळावरून. दुर्बिणीत पाहावे: लहरी एका बाजूला वाहत असल्या तर वारा आहे, सरळ वर उकळत असल्या तर पडला आहे. वैशाखात रानातून चालताना ज्या मृगजळाने लहानपणी मला फसवले होते, त्याचाच इथे भरवसा धरावयाचा होता. दोन गोळ्या चाचणीच्या, दहा मोजणीच्या. मला एकसष्ट मिळाले, आणि दोनदा खंदकातून लाल झेंडा हलला, म्हणजे पाटीलाही लागली नाही.

नंतर पाळीप्रमाणे मी खंदकात उतरलो. किल्ल्यात बंदूकवाला तटाआड आणि शत्रू उघड्यावर. इथे बंदूकवाला उघड्यावर आणि गुण मोजणारा खंदकात. डोक्यावर पाटी उभी, पलीकडे मातीचा बांध. तिथे बसल्यावर मला जे दिसले ते नेम धरणाऱ्याला कधी दिसत नाही: कागदाला भोक आधी पडते, गोळीचा चाबकासारखा कडाका त्याच क्षणी कानावर येतो, आणि बार मागाहून, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने, दूर कोणी दार लावावे तसा पोहोचतो. जमादारांची सातवी गोळी नवाला लागली. मी काठीवरची चकती तिथे धरून दाखवली, पाटी खाली ओढली, खळ लावून भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि पाटी पुन्हा वर ढकलली.