‘कनेक्ट’ची कुळकथा

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतला वेब प्रॉक्सी सर्व्हर १९९४ साली चर्चेत आला. त्याचं काम सरळ होतं. फायरवॉलच्या आतल्या माणसानं पान मागायचं, प्रॉक्सीनं ते बाहेरून आणायचं आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. अरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी त्याच वर्षी पहिल्या जागतिक वेब परिषदेत त्यावर निबंध मांडला.

हा प्रॉक्सी सगळं वाचत असे, आणि अडचण तिथेच आली. ब्राउझर बनवणाऱ्या ‘नेटस्केप’नं एसएसएल आणलं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर मधल्या कुणालाही कळू नये, हाच त्याचा हेतू. मग मधल्या प्रॉक्सीनं करायचं काय?

लुओटोनेन तोवर नेटस्केपमध्ये आले होते. १९९५ मध्ये त्यांनी सुचवलेला उपाय एका ओळीत मावतो: ‘कनेक्ट’, पुढे यजमान संगणकाचं नाव, अपूर्णविराम आणि ४४३ हा पोर्ट. प्रॉक्सी तिथवर टीसीपी जोडणी करतो, ‘२००’ असं उत्तर देतो आणि जुन्या ट्रंक कॉलच्या ऑपरेटरसारखा बाजूला होतो. पुढचे बाइट तो न उघडता इकडून तिकडे पोचवतो.

पण न उघडता पोचवायचं म्हटल्यावर आत एसएसएलच आहे, हे ठरवणार कोण? पोर्ट २२ लिहिला की दूरच्या संगणकावर काम करायचं एसएसएच जातं, २५ लिहिला की ईमेल. या उपायाच्या १९९८ च्या मसुद्याच्या शीर्षकातच लुओटोनेन यांनी एसएसएलऐवजी ‘टीसीपीवर चालणारे प्रोटोकॉल’ म्हटलं. फक्त प्रॉक्सीतूनच बाहेर जाता येणाऱ्या कार्यालयांतून दूरचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. ‘कॉर्कस्क्रू’ हा छोटा प्रोग्राम एसएसएचसाठी नेमकं हेच करतो.

स्पॅम पाठवणाऱ्यांनीही ही वाट हेरली. मोकाट सोडलेल्या प्रॉक्सींमधून त्यांनी इतर सर्व्हरच्या पंचविसाव्या पोर्टवर टपालाचा मारा केला. म्हणून ‘स्क्विड’ या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत ठरावीक पोर्ट सोडून बाकीच्यांना ‘कनेक्ट’ नाकारणारा नियम असतो. तो हवाच. मात्र तो आकडा पाहतो, आतला माल नाही. एसएसएच सर्व्हर ४४३ वर बसवला की नियम पाळूनही वाट मिळते.

इंटरनेटची मानकं, म्हणजे आरएफसी, मागाहून आली. १९९९ च्या आरएफसी २६१६ नं ‘कनेक्ट’ हे नाव नुसतं राखून ठेवलं, तपशील २००० च्या आरएफसी २८१७ मध्ये आला. टीसीपीची चौकट मोडायला मात्र २०२२ उजाडलं: त्या वर्षीच्या आरएफसी ९२९८ नं यूडीपी या दुसऱ्या वाहतूक-प्रोटोकॉललाही प्रॉक्सीतून वाट दिली.