‘चंडीगड चेअर’ नक्की कुणाची? ओरिजिनल, कॉपी आणि ‘इन्स्पायर्ड’मधला फरक

सातारा असो की सांगली, नव्या घरासाठी फर्निचर शोधायला इन्स्टाग्राम उघडलं की एक खुर्ची हमखास समोर येते. सागवानी लाकूड, वेताने विणलेली बैठक आणि उलट्या ‘व्ही’सारखे पाय. खाली लिहिलेलं असतं ‘चंडीगड चेअर’ किंवा ‘कॉर्बुझिए इन्स्पायर्ड’. पण ही खुर्ची आली कुठून? आणि घेताना काय तपासायचं?

खुर्चीचा जन्म

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये चंडीगडचं काम प्रसिद्ध वास्तुविशारद ले कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. मात्र शहरात राहून रोजचं काम पाहिलं ते त्यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी. १९६५ पर्यंत ते तिथेच होते.

नव्या शहरातली सरकारी कार्यालयं, कॉलेजं, ग्रंथालयं यांना हजारो खुर्च्या-टेबलं लागणार होती. त्यांची डिझाइन्स मुख्यतः जानरे आणि त्यांच्या टीमची. या टीममध्ये ऊर्मिला युली चौधरी या भारतीय वास्तुविशारदही होत्या. म्हणजे सगळं श्रेय कॉर्बुझिए यांना देणारी जाहिरात अर्धीच माहिती देते.

भंगारातून लिलावात

पुढे या खुर्च्या मोडल्या, अडगळीत गेल्या आणि भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि तिकडच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारशाच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे १०० वर्षं जुन्या वस्तूंना लागू होतो. या खुर्च्या तेवढ्या जुन्या नाहीत. त्यामुळे बाहेर गेलेल्या खुर्च्या परत आणणं अवघड आहे.

कॉपी बेकायदा आहे का?

साधारणपणे नाही. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणी केलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण मिळतं, ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त प्रती निघाल्या की कॉपीराइटही संपतो. मात्र नवी खुर्ची ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूकच.

घेताना काय पाहाल?

• ‘ओरिजिनल’ म्हणत असतील तर सरकारी लिलावाची कागदपत्रं मागा. जुन्या खुर्च्यांवर खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेले असायचे, पण तसे अक्षर आजही रंगवता येतात.
• लाकूड कोणतं, ते बिलावर लिहून घ्या. ‘टीक फिनिश’ म्हणजे फक्त सागवानासारखा रंग.
• विणकाम खऱ्या वेताचं आहे की प्लास्टिकचं, ते विचारा.

गावातल्या सुताराकडून करून घ्यावी का?

जरूर. वेत विणणारा कारागीर मिळाला की झालं. मूळ खुर्च्याही एका बड्या कारखान्यात तयार झाल्या नव्हत्या. स्थानिक सुतारांना सहज मिळणाऱ्या साहित्यातून बनवता याव्यात, अशीच त्यांची रचना होती. सांगली-साताऱ्यातल्या सुताराने बनवलेली खुर्ची ‘ओरिजिनल’ ठरणार नाही, पण ती बनवण्याची रीत मात्र मुळातलीच असेल.