दहा चित्रांतला व्यायाम

कोड लिहिणं सोपं, पण त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिणं अवघड, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना पटतं. पण समजा, तुम्हाला एखाद्या हालचालीचं डॉक्युमेंटेशन लिहायला सांगितलं तर? म्हणजे कुस्तीतला एखादा डाव, लाठीचा एखादा हात किंवा अगदी साधे जोर. हालचाल सतत पुढे सरकत असते आणि छापलेलं चित्र जागचं हलत नाही. तालमीत वस्ताद समोर उभा असतो, चुकलं की पाठीत एक रट्टा घालतो. पुस्तक काय करणार?

हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एका छोट्या संस्थानात फार मनापासून सोडवला गेला. संस्थान औंध. सत्तर-पंचाहत्तर गावांचं, तीही सलग नाहीत; आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत आणि थोडी विजापूरकडे विखुरलेली. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). माणूस भलताच हौशी. स्वतः चित्रकार, वर उत्तम कीर्तनकार. रामायणाची चित्रं काढून त्यांनी त्याचं पुस्तक केलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपये कबूल केले, तेही आवृत्ती सचित्र व्हावी म्हणून. मजकुराशेजारी चित्र हवंच, असं मानणारा हा राजा.

तरुणपणी मात्र बाळासाहेबांवर मोहिनी होती ती युजेन सँडो या युरोपियन पहिलवानाची. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवली आणि दहाएक वर्षं नेमाने तो व्यायाम केला. सँडोच्या पुस्तकात फोटो असत, व्यायामांचा तक्ता असे. हजारो मैलांवरच्या माणसाने गुरूशिवाय शिकावं, अशी ती सोय. पुढे १९०८ च्या आसपास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. व्यायाम देशी घेतला खरा, पण तो फोटोंनिशी लांबवर पोचवता येतो हा धडा सँडोकडूनच मिळाला असावा, असं मला आपलं वाटतं.

आता सूर्यनमस्कार काही औंधला जन्माला आले नाहीत. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. तालमीतले जोर नीट पाहिलेत तर नमस्काराचा मधला भाग लगेच ओळखू येईल. बाळासाहेबांनी केलं काय, तर नमस्कार घालायची एक रीत पक्की केली आणि तिचे दहा तुकडे पाडले. प्रत्येक स्थितीला आकडा, चित्र, हात-पाय कुठे ठेवायचे, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, सगळं लिहून काढलं. हे मराठीत आलं आणि १९२८ मध्ये इंग्रजीतही. औंधच्या शाळांत तर नमस्कार सक्तीचेच झाले. (पोरांनी काय शिव्या घातल्या असतील ते सोडा!)

या दहा स्थितींची रचना बघण्यासारखी आहे. उभं राहायचं, वाकायचं, एक पाय मागे, मग दुसरा, साष्टांग, छाती वर, आणि साधारण त्याच पायऱ्यांनी परत उभं. जिथून निघालो तिथेच पोचतो, म्हणजे पुढचा नमस्कार लगेच सुरू. चक्क लूप! दोन चित्रांच्या मधली वाट शरीराला बरीचशी आपोआप सापडते. उपकरण नको, जागा सतरंजीएवढी आणि मुख्य म्हणजे समोर जोडीदार नको. ज्यांना तालमीची पायरी चढायची सोय नव्हती अशा बायकांनाही घरच्या घरी जमण्यासारखं. त्यांनी नमस्कार घालावेत असा बाळासाहेबांचा आग्रहच होता.

१९३६ मध्ये ते लंडनला गेले, तिथे लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. याच बाईंच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने पुस्तक काढलं. त्याचं नाव काय, तर 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ'. दहा तुकडे थेट मुखपृष्ठावर!

आता याच्या शेजारी दुसरं काम ठेवून बघा. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले आणि १९५० मध्ये त्यावरून एक इंग्रजी खंडही. कुस्ती, मल्लखांब, लाठी, फरी-गदगा, बोथाटी, काय नाही त्यात! एका माणसाच्या चिकाटीची कमाल आहे. पण फरी-गदगा चित्रावरून कितीसा शिकता येणार? समोरचा कुठे वार करतो त्यावर माझा पुढचा हात ठरतो. म्हणजे पावलापावलाला इफ-एल्स. चित्र वार दाखवतं, पण तो नेमका कधी करायचा हे दाखवत नाही.

म्हणून झालं काय, एकट्याने करायचा आणि दहा चित्रांत मावणारा नमस्कार जगभर गेला. (आज तक्त्यांवर बहुधा बारा स्थिती दिसतात, पण तुकडे पाडून शिकवायची युक्ती तीच.) जोडीदारावाचून अडणाऱ्या विद्या मात्र माणसांवरच अवलंबून राहिल्या. जुन्या औंध संस्थानातल्या कुंडलचं कुस्ती मैदान आजही गाजतं, कारण वस्तादांची साखळी तुटली नाही. फरी-गदग्याचं नशीब तेवढं नव्हतं. पट्टा आणि फरी-गदगा यांतला फरक आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

आता आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे सगळं जतन होईल असं वाटतं. पण व्हिडिओचीही अडचण तीच आहे, तो तुमच्या चुकीला उत्तर देत नाही. तेव्हा तुमच्या गावात कुणी म्हातारबाबा अजून पट्टा फिरवत असतील तर शूटिंग कराच. मग मोबाइल बाजूला ठेवून दोन हात शिकूनही घ्या.